आकुयोच्या पाच माळा

ओदोन्कोरच्या घराण्यात मालक कोण, हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. भट्टीच्या ओट्यावर बसतो तो मालक. वारुळाच्या मातीची घुमटासारखी भट्टी, आणि तिच्याच कुशीतून पुढे काढलेला मातीचा ओटा, बसून बसून मधोमध खोलगट झालेला. सकाळी काचेच्या मण्यांचे साचे आत गेले की मालकानं त्यावर घडी घातलेलं पोतं टाकून बसायचं आणि शेवटचा साचा बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. मधेच उठलं तर काच बिघडते, असा त्या घरचा समज. ओदोन्कोर काका एकोणिसाव्या वर्षी त्या ओट्यावर बसला आणि डोळ्यांत पांढरं पडेपर्यंत, म्हणजे चाळीसएक वर्षं, बसून राहिला. त्याला मूलबाळ नव्हतं. म्हणून त्याच्यामागून पुतण्या बसला. तो लावेर, पादिकीचा नवरा. लावेर तेव्हा वीस वर्षांचा होता, आता बत्तीसचा.

पादिकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत ओदुमासे गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसानं तिच्या पोटाविषयी आपलं मत देऊन टाकलं होतं. ती सालींचे काढे प्याली. प्रार्थनेच्या छावणीत तीन दिवस उपाशी राहिली. दोन दवाखाने झाले. दोन्हीकडे डॉक्टरांनी लिहून दिलं की बाईत काही दोष नाही. सासूनं, कोर्लेकीनं, ते कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "कागदाला पाय फुटत नाहीत. मला अंगणात धावणारं नातवंड हवंय."

लावेर माणूस वाईट नव्हता. फक्त बायकोला बोलणी बसायला लागली की त्याला नेमकं भट्टीत लाकूड सारायचं आठवायचं. मग तो तिकडे वळायचा आणि इकडे ती एकटी ऐकून घ्यायची.

आणि कामही कसलं आलं होतं तिच्या वाट्याला! आसपासच्या दहा गावांत मूल जन्मलं की आठव्या दिवशी त्याला घराबाहेर आणून नाव ठेवतात, आणि त्या दिवशी त्याच्या कमरेला बांधायची बारीक मण्यांची माळ याच भट्टीतून जायची. माळा ओवायची पादिकी. दुसऱ्यांच्या बाळांच्या कमरा तिनं सहा वर्षं बोटांनी मोजल्या होत्या. एका सकाळी ती दोऱ्याचं रीळ खाली ठेवून उठली आणि कारखान्यात सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "माझी तपासणी दोनदा झाली. आता तुझी. तोवर मी एक मणी ओवणार नाही."

ऑक्टोबरचा सण तोंडावर आला होता. त्या सणाला इथला क्रोबो जमातीचा माणूस मण्यांनी मढूनच घराबाहेर पडतो. मागणीची पोती भरून पडली होती, आणि तिच्याइतका झरझर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. लावेर चार दिवस रुसला, पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन डबी घेऊन आला.

नर्स आवुकुबाईंनी सांगितलं होतं, तासाभरात नमुना आणा, थंडीत ठेवू नका, अंगाच्या उबेत ठेवा. लावेरनं सगळं नीट केलं. फक्त टॅक्सी यायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ डबी कुठं ठेवायची, तर त्यानं हातानं चाचपून कोमट जागा शोधली आणि तिथं ठेवली. दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एकही शुक्राणू हलत नव्हता. सगळे मेलेले.

"डबी ठेवली होती कुठं?" आवुकुबाईंनी विचारलं.

"भट्टीच्या ओट्यावर. भिंतीकडच्या कडेला. कोमट होतं तिथं."

घरी आल्या आल्या पादिकीनं त्या कडेला तळवा टेकवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. लावेरनं तिथंच हात ठेवला आणि बुचकळ्यात पडून तिच्याकडे बघत राहिला. त्याचा हात तिथून हलला नाही. मग ती पोत्यावर, नेमकी त्याच्या जागी, बसून पाहायला गेली. भट्टी पेटलेली होती. पोत्यातून ऊब वर आली, मांड्यांना घाम फुटला, आणि थोड्याच वेळात तिला तव्यावर बसल्यासारखं वाटायला लागलं. ती उठली. बारा वर्षं, रोज आठआठ तास हा माणूस इथं बसत होता आणि याला कोमट म्हणत होता. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण त्या क्षणी आली ती दया. राग नंतर आला आणि बराच टिकला.

दुसरा नमुना भट्टी बंद असते त्या दिवशी दिला. या वेळी डबी पादिकीनं आपल्या कमरेच्या कापडात खोचून नेली. यात जिवंत होते, पण जेवढे असायला हवेत त्याच्या चौथाईही नव्हते, आणि होते त्यातले बरेचसे जागच्या जागी वळवळत होते.

आवुकुबाई आडव्या अंगाच्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि लावेरला समोर बसवलं.

"देवानं पुरुषाचा हा ऐवज पोटात नाही ठेवला, बाहेर टांगलाय. का, ते कधी मनात आलं? आतली ऊब त्याला सोसत नाही. अंगापेक्षा दोनतीन अंश थंड असेल तरच बीज नीट तयार होतं. आणि तू तो भट्टीला चिकटवून दिवसभर शेकत बसतोस."

"माझा काका चाळीस वर्षं बसला तिथं," लावेर म्हणाला.

"काकाला मुलं किती?"

 आवुकुबाई पुढचं सांगायला लागल्या. नवं बीज तयार व्हायला अडीचएक महिने लागतात, तेव्हा तीन महिने भट्टीपासून लांब राहा, घट्ट पँट घालू नकोस, मग पुन्हा तपासू, असं त्यांनी सांगितलं. शब्द मात्र दिला नाही. काहींचं सुधारतं, काहींचं नाही, कारणं आणखीही असतात, म्हणाल्या. पण दोष कुणाचा असं लोक विचारायला लागले, तर निदान बायकोकडे बोट दाखवू नका, हेही त्यांनी बजावलं.

परतीच्या वाटेवर पादिकी पुढे झपझप चालली होती. लावेर दहा पावलं मागे रेंगाळत होता.

त्यानं घरी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओट्यावर जाऊन बसला. सणापर्यंत थांब, म्हणाला. ओटा सोडला की लोक विचारणार का सोडला, आणि मग काय सांगायचं? पादिकी म्हणाली, खरं सांग. त्यावर तो लाकडं सारायला लागला.

तेवढ्यात कोर्लेकीनं आपला मुहूर्त काढला. येत्या रविवारी चर्चनंतर घरातली वडीलधारी जमतील आणि पादिकीला तिच्या आईकडे परतवण्याचं ठरवतील. पेटी भरून ठेव, असंही तिनं सुनेला सांगितलं, म्हणजे ठरण्याआधीच ठरलं होतं. त्या दुपारी लावेरनं बायकोला एक तोड सुचवली. तिनं आता गुपचूप आईकडे जायचं. तो सणानंतर काहीतरी पाठदुखीचं निमित्त काढून तीन महिने ओटा सोडेल, आणि सुधारलं की तिला परत आणेल. कुणाला काही कळायचं कारण नाही.

"काकाच्या तीन बायका अशाच आईकडे गेल्या," पादिकी म्हणाली. "त्यातली कुठली परत आली?"

शनिवारी ती आगोमान्याच्या बाजारात मण्यांच्या माळा मांडून बसली होती. एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. हाडापेरानं मजबूत, अंगाला धुरात भाजलेल्या माशांचा वास, डोक्यावर रिकामी परात. तिनं माळांना हात लावला नाही, नुसतं पाहिलं आणि विचारलं, "ओदोन्कोरच्या भट्टीतल्या ना? तो ओटा आहे का अजून?"

ती आकुयो होती. काकाची दुसरी बायको. त्या घरात हे नाव कुणी घेत नसे, त्यामुळे पादिकीनं ते कुजबुजीतूनच ऐकलं होतं. आकुयो सात वर्षं त्या घरात राहिली, मग तिला परतवलं. नंतर तिनं क्पाँग गावच्या एका मासेवाल्याशी लग्न केलं. मुलं झाली का, हे पादिकीनं विचारलं, तेव्हा म्हातारीनं उजव्या हाताची पाचही बोटं पसरून दाखवली.

"पहिला लग्नानंतर दहाव्या महिन्यातच," ती म्हणाली. "आणि सगळे जगले, बरं का. तुला परतवतायत म्हणे. पेटी भरलीस?"

"नाही."

"भरू नकोस."

एवढं बोलून ती गेली. पादिकीनं त्या दिवशी कमी माळा विकल्या, कारण गिऱ्हाईक काय विचारतंय याकडे तिचं लक्षच नव्हतं.

रविवारी आंब्याखाली बाकं मांडली. वडीलधारी सहा जण होते. एकानं दारूची बाटली उघडून पूर्वजांसाठी जमिनीवर चार थेंब सांडले आणि मग उरलेल्याचा मानही ठेवला. ओदोन्कोर काका टोकाला बसला होता. त्याला आता माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत. चर्चचा शर्ट घालून लावेर आईशेजारी बसला आणि आपल्या चपलांकडे बघत राहिला.

कोर्लेकी वाईट बोलली नाही, हे कबूल करायला हवं. पोरगी कामसू आहे, तोंडाची गोड आहे, तिच्याशी आमचं वैर नाही, म्हणाली. पण सहा वर्षं वाट पाहिली, आता ओट्याला वारस हवा. एवढ्या मऊ आवाजात ती एका बाईला घराबाहेर काढत होती, की मधे बोलणाऱ्यालाच उद्धट ठरवावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पादिकीला काही म्हणायचंय का, असं रीत म्हणून विचारलं गेलं. रीतीप्रमाणे तिनं नाही म्हणायचं असतं.

पादिकी उठली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. चांगला दीर्घ श्वास घेण्याइतका वेळ त्याला दिला. त्यानं मान वर केली नाही. मग तिनं दवाखान्याचा कागद बाटलीखाली ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"दोष माझा नाही," ती म्हणाली. "माझे दोन कागद आईंनी पाहिलेत, हा तिसरा लावेरचा आहे. बीज कमी आहे आणि मंद आहे. तो ओटा ते भाजून काढतो. तीन महिने तो ओट्यावरून उठला तर कदाचित सुधारेल, कदाचित नाही. पण मला परतवून काहीच सुधारणार नाही. तुम्ही दुसरी आणाल, तिलाही असंच सहा वर्षांनी परतवाल."

मग जो गलका झाला, तो सगळा सांगण्यात अर्थ नाही. एक म्हणाला, भर सभेत नवऱ्याच्या चड्डीतलं काढते, हिला लाज आहे का. दुसऱ्यानं विचारलं, भट्टीनं मूल होत नाही तर आमचे पणजोबा काय आभाळातून पडले? त्याला पादिकीनंच उत्तर दिलं की पणजोबा चार पोरं झाल्यावर ओट्यावर बसले, हे तुम्हीच दर सणाला सांगता. लावेरचे वडील लॉरी चालवायचे, ते ओट्यावर कधी बसलेच नाहीत, त्यांना पाच. कोवळ्या वयात बसले ते काका आणि लावेर, दोघंच.

"काकांवर जाऊ नकोस," कोर्लेकी म्हणाली. आता तिचा आवाज मऊ नव्हता.

"जाते, आई. काकांच्या तीन बायका वांझ म्हणून गेल्या. त्यातल्या आकुयोला पाच मुलं आहेत. काल मला बाजारात भेटल्या त्या."

ते नाव उच्चारलं आणि कुणाच्या तरी हातातला पेला तसाच राहिला. कोर्लेकीनं घाईघाईनं म्हटलं की बाजारातल्या बायका काहीही सांगतात, पाच कुणी मोजलीत?

"मी मोजलीत," ओदोन्कोर काका म्हणाला.

त्याचा आवाज सभेत फारसा ऐकू येत नसे. त्यानं काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली होती आणि तो कुणाकडेच बघत नव्हता, कारण बघायला त्याला काही दिसतच नव्हतं.

"ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी क्पाँगहून निरोप आला, आठव्या दिवसाची माळ हवी. निळ्या आणि पिवळ्या मण्यांची. दुसऱ्या कुठल्याही भट्टीत सांगू शकली असती. तिनं मुद्दाम इथं सांगितलं. मी ओट्यावर बसून ती भाजली. मग दोन वर्षांनी दुसरी. पाच माळा झाल्या. एकेक माळ माझ्या तोंडात मारत होती ती, आणि मी मूग गिळून बसलो. मला तेव्हाच कळलं होतं की दोष तिचा नव्हता. मी मालक होतो. काय म्हणून सांगणार? तिसरी बायको आणली, तिलाही बोल लावून घालवली. मला वाटलं माझ्यातच काही खोट आहे. ओट्यात असेल, हे नाही सुचलं. सुचलं असतं तरी मी उठलो नसतो, हेही खरं."

त्यानं काठी बाकाला टेकवली आणि काच कुटायचं लोखंडी मुसळ मागितलं. कुणी हललं नाही. तेव्हा तो चाचपडत स्वतःच उठला आणि भट्टीच्या दिशेनं चालायला लागला. त्याची वाट चुकली नाही, त्या वाटेला डोळे लागत नव्हते. उखळाशी पोचून त्यानं मुसळ उचललं, पण ते त्याला पेलेना.

ते त्याच्या हातातून लावेरनं घेतलं. कधी उठला, कुणाच्या लक्षात आलं नाही. भट्टीपाशी मागे वळून त्यानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. "कागदावर आहे ते खरं आहे," तो म्हणाला. "मला दवाखान्यातून आलो तेव्हापासून माहीत होतं." मग त्यानं घाव घातला. वारुळाची माती भाजून दगड झाली होती. नऊदहा घाव लागले. त्याच्या चर्चच्या शर्टाची काख फाटली, आणि घराण्याचा मालक जिथं बसायचा तिथं विटकरी ढेकळांचा ढीग उरला.

कोर्लेकी रडली. तिचंही चुकलं म्हणवत नाही, ती तिच्या सासूनं शिकवलेलंच करत होती. पण पादिकीनं तिचे डोळे पुसले नाहीत. सहा वर्षं तिचे कुणी पुसले नव्हते.

"आता भट्टीवर बसणार कोण?" मोठे विचारायला लागले. लावेरला तीन महिने तिकडे फिरकायचं नव्हतं. तो आंब्याखाली मण्यांसाठी काचेच्या बाटल्या कुटायला बसणार होता.

"मी," पादिकी म्हणाली.

"बाई? मालकाच्या जागी?"

"जागा राहिली कुठं? मी स्टूल घेऊन बसेन, चार पावलं लांब. सळई लांब करून घेतली की काम होतं. काच मधासारखी दिसायला लागली की साचा काढायचा, हे मी सहा वर्षं बघतेय."

पहिल्या आठवड्यात तिचे दोन साचे वाया गेले आणि तेवढ्यावरून शेजारपाजारच्यांनी हसून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात एकही गेला नाही. ती मधेमधे उठायची, पाणी प्यायची, पाय मोकळे करून यायची. काच बिघडली नाही. लावेरला बाजारात लोक चिडवायचे, अंडी थंड झाली का रे, म्हणून. पहिल्यांदा तो खाली मान घालून निघून आला. पुढच्या वेळी म्हणाला, झाली, तुझी तपासून घे, लॉरीच्या इंजिनावर बसतोस दिवसभर. तो घरी येऊन पादिकीला हे सांगत होता तेव्हा ती फार दिवसांनी त्याच्या बोलण्याला हसली.

तीन महिन्यांनी आवुकुबाईंनी पुन्हा पाहिलं. आकडा दुपटीहून वर गेला होता, आणि निम्मे तरी नीट पोहत होते. अजून पुरेसं नाही, पण वाट बरोबर आहे, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात काकानं पादिकीला जवळ बोलावून एक माळ भाजायला सांगितली, निळ्या आणि पिवळ्या मण्यांची, बाळाच्या कमरेची. कुणासाठी, हे त्याला सांगावं लागलं नाही. शनिवारी पादिकीनं ती बाजारात आकुयोच्या हातात दिली. काकांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, म्हणाली, आणि ही सहावी त्यांनी स्वतःहून पाठवलीय.

आकुयोनं माळ बोटांवर घेऊन मणी न् मणी तपासला. एवढा वेळ लावला, की ती रडते की काय असं पादिकीला वाटलं. ती रडली नाही.

"चाळीस वर्षं लागली त्याला," ती म्हणाली. "मला हिचं काय करायचंय? माझे पाचही कधीच मोठे झाले, त्यांचीही पोरं झाली. ही तू ठेव. मूल झालं तर त्याला बांध. नाही झालं तर तू घाल. पण पेटी भरू नकोस, ऐकतेयस ना? कध्धी नाही."

सोमवारी भट्टी पेटली. पादिकी स्टुलावर बसली. उजव्या मनगटावर दोन वेढे घेतलेली इवल्या मण्यांची माळ होती. कोर्लेकी अंगणातून जाता जाता थबकली. तिची नजर माळेवर गेली आणि तिथंच राहिली.

"कुणाच्या बाळाची आहे ती?"

"माझी आहे," पादिकी म्हणाली, आणि सळईनं पुढचा साचा आत सरकवला.